साधनांची निवड : काल्पनिक आकाशयानें घडविणारांसाठीं

'साधन' या शब्दाचे मराठींत दोन अर्थ होतात. कारागिराचें अवजार हें साधन. आणि ज्या जुन्या कागदावरून इतिहास लिहावयाचा तो कागदही साधनच. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' या ग्रंथमालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला, त्यांत हा दुसरा अर्थ आहे. माझा आजचा विषय पहिल्या अर्थाचा. तथापि दोन्ही अर्थ शेवटीं एकत्र येतात असें आपणांस दिसून येईल.

आपल्या जळगांव-धुळ्याकडील घरांत संगणक आल्यापासून कित्येक मुलें त्यावरील खेळ नुसते खेळून थांबत नाहींत. खेळांतील आकाशयान काढून त्या जागीं स्वतःच्या कल्पनेचें यान बसवावें, अशी त्यांस हौस असते. या उद्योगास 'मॉडिंग' म्हणतात. वडील मंडळींस हा पोरखेळ वाटतो. परंतु एक चांगलें यान घडविण्यास कित्येक आठवड्यांचे श्रम पडतात, आणि साधनाची निवड चुकली तर ते व्यर्थ जातात. म्हणून या साधनांचा इतिहास जाणणें इष्ट आहे.

१९८४ सालीं इंग्लंडांत 'एलीट' नांवाचा आकाशसंचाराचा खेळ निघाला. ज्या यंत्रावर तो चाले त्याची स्मरणशक्ति अवघी ३२ किलोबाइट. त्यामुळें त्यांतील यानें म्हणजे केवळ रेषांचे सांगाडे होते. पुढें १९९३ सालीं 'डूम' या खेळाच्या कर्त्यांनीं चित्रें व नकाशे मुख्य आज्ञावलीपासून निराळ्या फाइलींत ठेविले, आणि खेळणारांस फेरफार करण्याची वाट मोकळी झाली. १९९९ सालीं 'होमवर्ल्ड' व 'फ्रीस्पेस २' हे आकाशयुद्धाचे दोन नामांकित खेळ आले. पैकीं दुसऱ्याची मूळ आज्ञावली २००२ सालीं सर्वांस खुली झाली व हौशी मंडळींनीं ती वाढविली. मात्र प्रत्येक खेळाची यान लिहून ठेवण्याची लिपि स्वतंत्र : फ्रीस्पेसची 'पॉफ', तर 'होमवर्ल्ड २'ची 'हॉड'.

यानाचा आकार घडविण्याचें आजचें प्रमुख मोफत साधन म्हणजे 'ब्लेंडर'. त्याचा जनक टॉन रोसेंडाल हा डच गृहस्थ. त्याची कंपनी बुडाल्यावर २००२ सालीं लोकांनीं वर्गणी करून सुमारें सात आठवड्यांत एक लक्ष युरो जमविले, व त्या वर्षीच्या ऑक्टोबरांत हें साधन सर्वांसाठीं मुक्त झालें. मोठमोठ्या संस्थांचीं महागडीं साधनें ज्यांस परवडत नाहींत, अशा आपल्यासारख्या गांवांतील मुलांवर हा थोर उपकार होय.

आतां खरी अडचण ऐका. ब्लेंडरमधील यान फ्रीस्पेसमध्यें नेण्याचा पुष्कळ वर्षें प्रचलित असलेला मार्ग असा : प्रथम तें 'कोलाडा' नांवाच्या, २००४ सालीं निघालेल्या मध्यस्थ लिपींत उतरवावयाचें, आणि मग दुसऱ्या एका साधनानें त्याचें 'पॉफ' करावयाचें. २०१९ च्या जुलैंत ब्लेंडरची २.८० ही आवृत्ति निघाली. तिची मांडणी इतकी बदलली कीं पूर्वींचीं मार्गदर्शनें व जोडसाधनें बहुतेक निरुपयोगी झालीं. तेव्हां जुनें तें सोनें म्हणून चालत नाहीं. उलट, नोव्हेंबर २०२५ मध्यें ५.० ही आवृत्ति आली, तींतून 'कोलाडा'च वगळण्यांत आलें. म्हणजे जो केवळ नवें म्हणून नवें घेईल, त्याच्या वाटेवरील पूलच मोडलेला! जुलै २०२५ च्या ४.५ या आवृत्तींत तो पूल शाबूत आहे, आणि तिची निगा दोन वर्षें राखण्याची हमी कर्त्यांनीं दिलेली आहे.

यावरून नियम निघतो तो हा. आधीं खेळास विचारावें कीं तुला कोणती लिपि वाचतां येते. मग ती लिपि, किंवा तिच्यापर्यंत पोहोंचविणारी मध्यस्थ लिपि, लिहिणारी आवृत्ति निवडावी. अशा आवृत्ति अनेक असल्यास, जिची निगा अद्याप राखली जाते ती घ्यावी. नव्या खेळांसाठीं २०१७ सालीं सिद्ध झालेली 'जीएलटीएफ २.०' ही लिपि पुष्कळ ठिकाणीं चालते. परंतु जुन्या खेळास ती कळेलच असें नाहीं. आणि मार्गदर्शन वाचण्यापूर्वीं तें कोणत्या सालीं व कोणत्या आवृत्तीसाठीं लिहिलें आहे तें पाहावें.

येथें राजवाड्यांचें स्मरण होतें. १९२६ च्या अखेरीस ते धुळ्यासच निवर्तले. त्यांच्या नांवानें तेथें चालणाऱ्या संस्थेंत जुने कागद जपून ठेविलेले आहेत. कागद सुरक्षित आहेत, शाई टिकली आहे. परंतु मोडी वाचणारे मात्र थोडे उरले. लिपि गेली म्हणजे डोळ्यांसमोरील कागदही मुका होतो. संगणकावरील फाइलीची गति निराळी नाहीं. फरक एवढाच कीं मोडी मागें पडावयास कैक दशकें लागलीं, आणि येथें एका नव्या आवृत्तीनें तेंच घडतें.

म्हणून माझें तरुण कारागिरांस सांगणें आहे कीं, खेळांत बसविलेली प्रत तेवढीच राखूं नका. ब्लेंडरमधील मूळ फाइल जपा. चालू आवृत्तीची प्रतही संग्रहीं ठेवा. आणि शेजारीं एका साध्या टिपणांत कोणत्या सालीं, कोणत्या साधनाच्या कोणत्या आवृत्तीनें, कोणत्या पायरीनें काम केलें तें लिहून ठेवा. तुमचें अवजार उद्यां जुनें होईल. पण तें टिपण पुढच्या कारागिरास इतिहासाचें साधन होईल.