मनुस्मृतीदहन आणि दुखावलेल्या भावना

१९२७ साल लक्षात ठेवा. ‘रंगीला रसूल’ प्रकरणानंतर त्याच वर्षी कलम २९५-अ आलं. जाणूनबुजून, दुष्ट हेतूने धर्मभावना दुखावणं गुन्हा ठरला. आणि २५ डिसेंबरला महाडला मनुस्मृती जाळली गेली. ठराव मांडणारे सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण. भावना दुखावल्या का? दुखावल्याच. पण बाबासाहेबांनी या दहनाची तुलना केली ती विदेशी कापडाच्या होळीशी. ज्या ग्रंथाने आपलं माणूसपण नाकारलं तो जाळणं, आणि दुबळ्या समाजाला धमकावायला त्याचा ग्रंथ जाळणं, यांतला हेतू एकच कसा? म्हणून ‘काय जाळलं’ एवढंच विचारून भागत नाही. कोणी जाळलं, कशासाठी, हेही विचारावं लागतं.