अँडी डुफ्रेन मेक्सिकोत खरेच सुरक्षित राहिला असता का?

‘द शॉशँक रिडेम्प्शन’ हा १९९४ चा सिनेमा ज्याने पाहिला नाही असा सिनेमावेडा माणूस विरळाच. कथा थोडक्यात अशी. मेन राज्यातला बँकर अँडी डुफ्रेन याला पत्नी आणि तिच्या प्रियकराच्या खुनासाठी दुहेरी जन्मठेप होते. खून त्याने केलेला नसतो. एकोणीस वर्षे तो भिंत पोखरतो आणि १९६६ साली सांडपाण्याच्या नळातून सरपटत बाहेर पडतो. भ्रष्ट वॉर्डनचा काळा पैसा घेऊन तो मेक्सिकोच्या किनाऱ्यावरील सिवातानेहो या गावी पोहोचतो. शेवटी त्याचा मित्र रेड त्याला समुद्रकिनारी भेटतो आणि प्रेक्षक डोळे पुसत उठतो.

माझ्या मनात मात्र डोळे पुसून झाल्यावर एक प्रश्न राहतो. पुढे काय? मेक्सिको आणि अमेरिका शेजारी देश. मग मेक्सिकोत गेलेला माणूस अमेरिकेच्या कायद्यापासून सुटला, असे आपण कशावरून धरून चालतो?

आधी कागदावरचा कायदा पाहू. अमेरिका आणि मेक्सिको यांच्यात १८९९ सालीच प्रत्यार्पणाचा करार झाला होता, म्हणजे अँडीच्या पलायनाच्या सदुसष्ट वर्षे आधी. खून हा त्यातला अगदी उघड प्रत्यार्पणयोग्य गुन्हा. राजकीय गुन्हेगारांना करारात सूट होती आणि आपल्याच नागरिकाला परक्याच्या हाती देण्याची सक्ती कोणत्याही देशावर नव्हती. अँडी राजकीय कैदीही नव्हता आणि मेक्सिकोचा नागरिकही नव्हता. मेनच्या गव्हर्नरने मागणी करायची, परराष्ट्र खात्याने ती मेक्सिकोला पाठवायची, की मेक्सिकोला त्याला धरून देणे भाग होते. पुढे १९७८ साली नवा करार झाला, पण खुनाच्या बाबतीत अँडीसाठी काहीच बदलले नसते.

इथे एक गंमत आहे. एकट्या कैद्याने कोणावर हात न उगारता तुरुंगातून पळून जाणे, हा मेक्सिकोच्या दंडसंहितेत गुन्हाच नाही. स्वातंत्र्याची ओढ माणसाला असणारच, तिच्यासाठी शिक्षा कशी द्यायची, असा त्यामागचा विचार आहे. १९७१ साली एका अमेरिकन कैद्याला मेक्सिको सिटीच्या तुरुंगातून हेलिकॉप्टरने उचलून नेण्यात आले. तो अमेरिकेत पोहोचला, पण मेक्सिकोने त्याला परत मागितले नाही. म्हणजे अँडीचे पलायन मेक्सिकोच्या नजरेत गुन्हा ठरले नसते. तरीही त्याचा उपयोग शून्य, कारण अमेरिकेने त्याला पलायनासाठी नव्हे, खुनाच्या शिक्षेसाठी मागितले असते. २००१ साली मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने, जन्मठेप होऊ शकते अशा प्रकरणांत प्रत्यार्पण अडवणारा निकाल दिला आणि २००५ साली तो फिरवला. चार वर्षांची ही फट अँडीच्या नशिबी नव्हती.

कायदा अँडीच्या विरुद्ध होता, हे नक्की. पण कायदा आपल्या पायांनी चालत जाऊन कोणाला धरत नाही. आधी माणूस सापडावा लागतो. १९६६ साली हेच अवघड होते. अमेरिकन माणसाला मेक्सिकोत पर्यटक म्हणून जायला पासपोर्ट लागत नव्हता, जन्मदाखल्यासारख्या कागदावर पर्यटक कार्ड मिळायचे. देशभरातल्या फरारींची नोंद एका ठिकाणी ठेवणारी एफबीआयची संगणकीय यंत्रणा सुरू झाली जानेवारी १९६७ मध्ये, अँडी निसटल्यानंतर. बोटांचे ठसे कार्डावर असत आणि ते माणूस हाताने पडताळून पाही. नवा गुन्हा केला नाही आणि पुन्हा अटक झाली नाही, तर जुने ठसे फाइलीत पडून राहात.

मात्र अँडीनेच मागे काही खुणा सोडल्या आहेत. पैसे काढताना तो बँकेत ‘रँडल स्टीव्हन्स’ म्हणून उघड्या तोंडाने उभा राहतो आणि वॉर्डनच्या गैरव्यवहाराचे कागद असलेले पाकीट त्याच बँकेच्या टपालातून वर्तमानपत्राला पाठवतो. हिशेबाच्या त्या वह्या तपासणाऱ्याला रँडल स्टीव्हन्स हे नाव सापडायला वेळ लागला नसता. म्हणजे एवढ्या कष्टाने उभे केलेले नाव त्याच आठवड्यात जळाले. सरहद्द ओलांडताना तो फोर्ट हॅन्कॉकहून रेडला कोरे पोस्टकार्ड टाकतो. तुरुंगातले टपाल अधिकाऱ्यांच्या हातून जाते आणि शिक्क्यावर गावाचे नाव असते. नंतर पॅरोलवर सुटलेला रेड स्वतःच पॅरोल मोडून पळतो. एका फरारीच्या मागावर निघालेल्यांना दोन मिळाले असते. माझ्या मते पोलिसांनी मन लावून शोध घेतला असता, तर अँडी वर्षभरात सापडला असता.

पण शोध मन लावून घेतला जाईल का, हाच खरा प्रश्न आहे. शॉशँकचे चित्रीकरण ज्या तुरुंगात झाले त्या ओहायो राज्यातल्या मॅन्सफील्डच्या जुन्या कारागृहात १९५९ साली एक कैदी होता. पुढे कमी बंदोबस्ताच्या छावणीत हलवल्यावर तो तिथून निसटला. १९७५ साली वेस्ट व्हर्जिनियात तो सापडला, तर तिथल्या गव्हर्नरने त्याला ओहायोच्या ताब्यात द्यायलाच नकार दिला. तो पुन्हा दिसेनासा झाला आणि २०१५ साली, पलायनानंतर छप्पन्न वर्षांनी, फ्लोरिडात पकडला गेला. हा माणूस देशाबाहेर गेलाच नव्हता. त्याला इतकी वर्षे वाचवले ते सरहद्दीने नव्हे, कधी एका गव्हर्नरच्या मर्जीने तर कधी सरकारी विस्मरणाने.

याच्या उलट टोकाचे उदाहरण मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे. ८ जुलै १९१० रोजी विनायक दामोदर सावरकरांनी मार्सेयच्या बंदरात ‘मोरिया’ बोटीतून समुद्रात उडी घेतली आणि ते फ्रान्सच्या भूमीवर पोहोचले. परदेशच्या भूमीवर पाय ठेवला की कायद्याचा हात आखडतो, ही समजूत त्यामागे होती. फ्रेंच पोलिसाने त्यांना धरून ब्रिटिशांच्या हवाली केले. फ्रान्सने हरकत घेतली आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात लवादाने मान्य केले की हवाली करण्यात अनियमितता झाली, पण तेवढ्यामुळे कैद्याला परत करण्याचे बंधन ब्रिटनवर येत नाही. अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालयही याच वाटेने गेले आहे. १८८६ साली पेरूमधून आणि नंतर मेक्सिकोतून पळवून आणलेल्या आरोपींच्या प्रकरणांत (दुसऱ्याचा निकाल १९९२ चा) त्याने ठरवले की आरोपी कसा आणला, यावरून खटला रद्द होत नाही. सत्तेला माणूस खरोखर हवा असेल तर सरहद्द म्हणजे फक्त थोडा उशीर.

अँडी मात्र कोणाला फारसा हवा नव्हता. वॉर्डनने गोळी झाडून घेतली होती, मुख्य पहारेकऱ्याला अटक झाली होती आणि तुरुंगाची अब्रू वर्तमानपत्रात निघाली होती. अशा माणसाला परत आणून साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करण्याची हौस मेनच्या सरकारला कशाला असेल? म्हणून माझे उत्तर असे : होय, अँडी बहुधा सुटला असता. पण कायदा तोकडा होता म्हणून नव्हे, सरकारला शरम होती म्हणून.

तरीही एक गोष्ट त्याला सिवातानेहोत मिळाली नसती. त्याने पाठवलेल्या कागदांनी वॉर्डन चोर ठरला, अँडी निर्दोष ठरला नाही. त्याच्या निर्दोषपणाची साक्ष देऊ शकणारा तरुण टॉमी वॉर्डनने आधीच मारवला होता. मेनच्या दप्तरात अँडी डुफ्रेन हा पत्नीचा खुनीच राहिला.

आपल्याकडे ज्यांनी पळ काढला नाही अशांची आठवण इथे येते. अक्षरधाम खटल्यातल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने १६ मे २०१४ रोजी निर्दोष सोडले. त्यातल्या तिघांना फाशी झालेली होती. मालेगावच्या २००६ च्या स्फोटांत पकडलेल्या मुस्लीम तरुणांना पाच वर्षांनी जामीन मिळाला आणि २०१६ साली विशेष न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केले. त्यांच्यातल्या एकाचे त्याआधीच निधन झाले होते. गेलेली वर्षे कोणी परत दिली नाहीत. पण त्यांच्या हाती न्यायालयाचा कागद आहे आणि त्यांच्या मुलांना आडनाव बदलावे लागणार नाही.

सिनेमातला तो निळा समुद्र मेक्सिकोचा नाही. शेवटचे दृश्य सेंट क्रॉय बेटावर चित्रित झाले आणि ते बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे. पडद्यावर अँडी ज्या वाळूवर होडी घासत बसला आहे, तिथे त्याला पकडायला प्रत्यार्पणाचा करारही लागला नसता.