वाघ्याची पिशवी आणि ठिपक्यांचे कापड

कापडावर श्वापदाची कातडी उमटवण्याच्या हौसेचा इतिहास बहुधा पॅरिसपासून सुरू केला जातो. दिओरने १९४७ च्या आपल्या पहिल्याच संग्रहात बिबट्याचे ठिपके छापील कापडावर आणले. १९६२ साली जॅकलिन केनेडी यांनी खऱ्या बिबट्याच्या कातड्याचा कोट वापरला, आणि त्या कातड्यांना एकाएकी मागणी आली. हा इतिहास खोटा नाही. पण मराठी वाचकाने तो तिथून सुरू करावा, याला आम्हांस काही कारण दिसत नाही.

पुणे-सोलापूर रस्त्यावरील कासुर्डी या दौंड तालुक्यातल्या गावातून दक्षिणेकडे पाहिले, की भुलेश्वरची डोंगररांग दिसते. तिच्या पलीकडे पुरंदर तालुक्यात जेजुरी आहे. या मुलखात वाघाचे कातडे अंगावर वागवणारा माणूस कोणी शिकारी संस्थानिक नव्हता. तो खंडोबाचा वाघ्या होता. त्याच्याजवळ वाघाच्या कातड्याची लहानशी पिशवी असे आणि तीत भंडार. पिवळ्या हळदीवर पिवळे-काळे कातडे! पोशाख जुळवणाऱ्या आजच्या एखाद्या सल्लागारालाही ही रंगसंगती मान्य व्हावी.

परंतु वाघ्याचे कातडे अलंकार नव्हते. शंकराचे व्याघ्रांबर ही जिंकलेल्या पशूची खूण आहे, असे आपण समजतो. खंडोबा हा मार्तंडभैरव, म्हणजे शिवाचेच रूप. तेव्हा त्याच्या भक्ताचे कातडे हा त्याच व्याघ्रांबराचा तुकडा, असे सरळ म्हणता आले असते. लोकपरंपरा मात्र वेगळे सांगते: देवाच्या दर्शनाने वाघांची माणसे झाली, तेच वाघ्ये. म्हणजे कातडे जिंकणाऱ्याचे नसून, ज्याला जिंकले त्याचेच आहे. शिवाय वाघ्या हे आपल्याकडे कुत्र्याचेही नाव, आणि कुत्रा खंडोबाचा सोबती. काही वाघ्ये देवापुढे कुत्र्यासारखे भुंकतही असत. पंचतंत्रातल्या परटाचे गाढव वाघाचे कातडे पांघरून इतरांना फसवते. इथे फसवणूक नाही. आपण देवाचे पाळीव जनावर आहोत, हे तो उघडपणे मिरवतो.

आणि इथेच आम्हांस थांबावेसे वाटते. मूल जगावे म्हणून आईबापांनी नवस बोलायचा आणि ते मूल देवाला वाहायचे: मुलगा असला तर वाघ्या, मुलगी असली तर मुरळी. मुरळीच्या गळ्यात कवड्यांची माळ पडे आणि तिचे लग्न खंडोबाशी लागे. कवडी हेही एका जिवाचेच कवच. पण तिच्या वाट्याला वाघाचा दरारा आला नाही. पोशाखाच्या चर्चेत ‘निवड’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. ही खूण कोणाची निवड होती, हे विचारले तर उत्तर घरातच सापडते, आणि ते सुखाचे नाही. मुली देवाला वाहण्याची चाल मुंबई इलाख्यात १९३४ च्या कायद्याने बेकायदा ठरली. तिला पुन्हा आळा घालायला महाराष्ट्राला नव्या शतकात आणखी एक कायदा करावा लागला, यावरून तिची मुळे किती खोल होती ते कळते.

कातड्याचा प्रश्न १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वेगळ्या रीतीने सोडवला. वाघाचे कातडे बाळगणे हाच गुन्ह्याचा विषय झाला. ज्या पिशवीला पिढ्यान्‌पिढ्यांचा मान होता, तिला आता कागदपत्रे लागू लागली. (देवाने दिलेल्या वाघपणाचा दाखला वनखात्याकडे मागावा लागणे, यावर एकनाथांनी भारूड रचले असते.) इकडे पट्ट्यापट्ट्यांची आणि ठिपक्यांची ओढणी, पर्स, चपला कोणत्याही बाजारात मिळू लागल्या, त्यांना ना नवस लागतो, ना परवाना. शिरूर तालुक्याच्या उसात मात्र खरा बिबट्या वावरतो. त्याच्या भीतीने शेतावर जाणे टाळणाऱ्या घरातली मुलगी लग्नाला ठिपक्यांची ओढणी घेते, तेव्हा त्या दोन ठिपक्यांचा संबंध तिच्या मनात येत असेल, असे आम्हांस वाटत नाही. छापील कापडाचे यश बहुधा यातच आहे: खूण राहते, ऋण फिटते.

अरुण कोलटकरांच्या ‘जेजुरी’त (१९७६) वाघ्याचे एक आणि मुरळीचे एक अशी दोन गाणी आहेत. वर्गात ती शिकवताना शिक्षक उपरोधावर बोलतात, आणि ते बरोबरच आहे. आमची विनंती एवढीच, की मुरळीचे गाणे वाचण्याआधी विद्यार्थ्यांना विचारावे: वाघ्याजवळ पिशवी आहे, तिच्याजवळ काय आहे?