शनिवारवाडा आणि ‘काका, मला वाचवा’ची हाक

पुण्याच्या शनिवारवाड्यात अमावस्येच्या रात्री (कोणी पौर्णिमेच्या म्हणतात) ‘काका, मला वाचवा’ अशी हाक ऐकू येते, हा किस्सा आपल्या घरांतही सांगितला जातो. वाडा पाहायला नेलेली आमची मुलेही आधी हेच विचारतात, “सर, ती खोली कुठली?”

खोली आता नाही. पहिल्या बाजीरावांनी बांधलेल्या या वाड्याची वास्तुशांत 1732 मध्ये झाली. आतले लाकडी महाल 1828 च्या आगीत जळाले, ती आग सात दिवस धुमसत होती. उरले ते तट, दरवाजे आणि जोती.

हाकेमागचा खून मात्र खरा आहे. 30 ऑगस्ट 1773 रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, पगार थकल्याचा ओरडा करत गारदी वाड्यात घुसले. पेशवे नारायणराव अवघे 18 वर्षांचे होते. ते चुलते रघुनाथरावांकडे धावले, त्यांना मिठी मारली, तरी वाचले नाहीत. त्यांना पाठीशी घालणारा सेवक चापाजी टिळेकरही मारला गेला. भुताच्या गोष्टीत त्याचे नाव कोणी घेत नाही!

आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले, ही कथा ‘ध चा मा’ म्हणून भाषेत रुजली. पण त्याचा पक्का पुरावा मिळालेला नाही.

आणखी एक गोष्ट. ‘गारदी म्हणजे मुसलमान’ असे काही जण सर्रास सांगून टाकतात, आणि वर्गात बसलेले आपले मूल खाली मान घालते. गारदी म्हणजे कवायती, पगारी पायदळ. या कटातले त्यांचे म्होरके होते सुमेरसिंग, खरगसिंग आणि महंमद युसुफ. नावे वाचली की पुरे. कट घरातला होता, हात भाड्याचे होते.

न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी चौकशी करून रघुनाथरावांनाच दोषी ठरवले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पद सोडले. नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई तेव्हा गरोदर होत्या. बारभाईंनी त्यांची बाजू धरली, आणि 1774 मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांना तान्हेपणीच पेशवाई मिळाली.

हेच सवाई माधवराव 1795 मध्ये, 21 व्या वर्षी, याच वाड्यात वरून पडून वारले. त्यांची हाक ऐकल्याचे मात्र आमच्या कानावर कधी आलेले नाही.