टिकटिक ऐका, मग हत्यार उचला

इंग्लंडातील ॲबिंग्डन गावी 1962 ते 1980 पर्यंत ‘एमजीबी’ नावाची छोटी, शर्यतीच्या थाटाची मोटार तयार होत असे. पेट्रोलची टाकी मागे, इंजिन पुढे; पेट्रोल ढकलायला ‘एसयू’चा विजेचा पंप. सुरुवातीच्या गाड्यांत तो मागच्या चाकाजवळ, चिखलपाण्यात बसवलेला. जागा काही शहाणपणाची नव्हे! विद्युतचुंबक पडदा ओढतो, विजेचा जोड सुटतो, स्प्रिंग पडदा परत लोटते. दर खेपेला ‘टिक्’.

गाडी अडली, की जाणता मिस्त्री आधी कान देई. किल्ली फिरवायची, पण इंजिन सुरू करायचे नाही. पंप भराभर टिकटिकून थांबला, म्हणजे कार्बुरेटरची वाटी भरली. दोष बहुधा पुढे आहे. भराभर टिकटिक थांबतच नाही? मग टाकी रिकामी, नाहीतर नळी हवा ओढते आहे. आपल्या विहिरीवरच्या पंपाचे असेच नाही का? आणि आवाजच नसला, तर वीज पोचत नाही किंवा जोडाची टोके जळली आहेत. अशा वेळी लोक पंपाला हलकेच ठोकीत आणि गाडी निघे! टोके मात्र जळकीच राहत. इलाज घर गाठण्यापुरता.

सप्टेंबर 2021 पासून ग्रेट ब्रिटनमध्ये साध्या पेट्रोलात 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. आपल्याकडे उसाच्या मळीपासून होते, तेच हे. जुन्या रबरी नळ्या त्याने खराब होतात, चिरतात. टिकटिक ऐकू येते आणि पेट्रोल खाली ठिबकते. म्हणून कानाच्या आधी नाक. वास आला, तर किल्लीला हात लावू नका. आधी नळी बदला.