लोणार सरोवराची उत्पत्ती : मतांतराचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी दोन स्वतंत्र प्रश्न उपस्थित होतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर कशाने पडले, हा पहिला. आणि त्यातील पाणी खारे कशाने झाले, हा दुसरा. ह्या दोहोंची गल्लत होऊ न देणे अगत्याचे आहे.

विवराचे कारण लोककथेने लवणासुराच्या वधात पाहिले. अबुल फज़लने आइन-इ-अकबरीत येथील काच व साबण ह्यांस उपयुक्त द्रव्यांची नोंद केली. इ. स. १८२३ मध्ये अलेक्झांडर ह्या ब्रिटिश अधिकाऱ्याने ह्या स्थळाकडे युरोपीय अभ्यासकांचे लक्ष वेधले. दख्खनचे पठार लाव्हारसाचेच बनलेले. तेव्हा विवरही ज्वालामुखीजन्य मानले गेले, ह्यात नवल नाही. गिल्बर्ट ह्या अमेरिकन भूशास्त्रज्ञाने १८९६ मध्ये लोणारची तुलना अ‍ॅरिझोनातील विवराशी केली आणि दोन्ही ज्वालामुखीय स्फोटाची फळे ठरविली. तुलना यथार्थ होती; निष्कर्ष मात्र दोन्ही स्थळी चुकला.

कारण, केवळ आकारावरून कारणाचा निर्णय होत नाही. त्यासाठी खडकाचीच साक्ष हवी. अ‍ॅरिझोनात ती १९६० मध्ये कोएसाइट ह्या खनिजाच्या रूपाने मिळाली. लोणारच्या खडकांत तीव्र आघाताने काचरूप झालेले फेल्डस्पार, म्हणजे मॅस्केलिनाइट, आढळले आणि फ्रेडरिक्सन, दुबे, मिल्टन व बालसुंदरम् ह्यांनी १९७३ मध्ये आघाताची उपपत्ती दृढ केली. एवढा दाब ज्वालामुखीत उत्पन्न होत नाही. विवराच्या वयाविषयी मात्र एकवाक्यता नाही : एका पद्धतीने ते सुमारे ५२ हजार वर्षे, तर २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर्गॉन-मापनाने सुमारे ५ लक्ष ७० हजार वर्षे येते.

खारेपणाचा उलगडा ह्या आघातात सापडत नाही. काठावरील ‘धार’ ह्या झऱ्याचे पाणी गोडे आहे. नदी आपल्यातील क्षार समुद्राकडे वाहून नेते. येथे पाण्यास बाहेर जाण्यास वाट नाही. बाष्पीभवनाने पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात. विवर क्षणार्धात घडले. खारे सरोवर मात्र दीर्घकाळ घडत राहिले आहे.

म्हणूनच २०२० मध्ये रामसर यादीत समाविष्ट झालेल्या ह्या सरोवराच्या रक्षणाचा विचार विवराच्या कड्यापाशी थांबू शकत नाही. आत येणारे पाणी आणि बाष्पीभवन ह्यांचा तोल बिघडल्यास विवर टिकेल, परंतु आज ज्यास लोणार म्हणतात ते सरोवर टिकणार नाही.