मेट्रो महालात का शिरली नाही?

संपादक मंडळाने महालाच्या इतिहासावर लिहा म्हटलं. भोसल्यांचा वाडा, गांधी गेट, बडकस चौक यांवर पुष्कळ लिहून झालं आहे. म्हणून सोसायटीच्या या पंचवीस वर्षांत आपल्या डोळ्यांदेखत घडलेला इतिहास लिहितो.

21 ऑगस्ट 2014 ला कस्तुरचंद पार्कवर नागपूर मेट्रोची पायाभरणी झाली. 7 मार्च 2019 ला खापरी ते सीताबर्डी मार्गाचं उद्घाटन झालं. आपल्या बाजूची सीताबर्डी ते प्रजापती नगर लाइन मात्र 11 डिसेंबर 2022 उजाडल्यावर मिळाली. तीही सेंट्रल एव्हेन्यूवरून. महालवाल्यांना जवळचं स्टेशन म्हणजे चितार ओळी चौक. "आपल्याला वगळलं बाप्पा," असं तेव्हा पुष्कळांनी म्हटलं.

मला ते तसं वाटत नाही. खांबांवरच्या मेट्रोला मधोमध खांब रोवायला रुंद रस्ता लागतो, आणि स्टेशन तर दोन्ही बाजूंना पसरतं. एकेक डबा वीस मीटरहून लांब, त्याला वळायला शंभरेक मीटर त्रिज्येची ऐसपैस जागा हवी. आपल्या गल्ल्यांत ऑटो वळवताना काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे! पुण्यात पेठांखालून बोगदा नेला, सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट टप्पा 29 सप्टेंबर 2024 ला सुरू झाला. पण भुयारी मार्गाचा खर्च उन्नत मार्गाच्या दुपटीहून जास्त पडतो. नागपूरने खांब निवडले. त्यातही आपल्या इंजिनिअर मंडळींनी कमाल केली. वर्धा रोडवर एकाच खांबावर खाली उड्डाणपूल आणि वर मेट्रो, असा 3.14 किलोमीटरचा डबल डेकर पूल उभा केला. गड्डीगोदामला तर खाली रस्ता, त्यावर रेल्वे, त्यावर उड्डाणपूल आणि सगळ्यात वर मेट्रो.

आता गाडीतल्या यंत्रणेबद्दल. पुढच्या गाडीपासून किती अंतर, किती वेग, ब्रेक कधी, हे रेडिओवरून संपर्कात असलेला कॉम्प्युटर पाहतो. चालक दारं आणि फलाट सांभाळतो. लंडनच्या व्हिक्टोरिया लाइनवर अशी स्वयंचलित गाडी 1968 मध्येच आली होती. चालकच नको, ही पुढची पायरी दिल्लीने डिसेंबर 2020 मध्ये गाठली. बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा आम्ही लेजर आणि प्रिंटआउट दोन्ही टॅली करत बसायचो. मशीनवर विश्वास बसायला वेळ लागतो, आणि तो लागावाच. रोजगाराचा प्रश्नही तेव्हा होता, आजही आहे.

महालाला मेट्रो हवीच असती तर घरं पाडावी लागली असती. केळीबाग रोड रुंद करताना किती जुन्या इमारती गेल्या ते आपण पाहिलंच. त्यामुळे मेट्रो एव्हेन्यूवर थांबली, हे मला परवडलं.

अडचण वेगळीच आहे. चितार ओळी स्टेशनात लिफ्ट आहे, पण तिथवर पोचायचं कसं? फूटपाथवर दुकानांचं सामान, मूर्ती घडवण्याच्या दिवसांत तर पाय ठेवायला जागा नाही, आणि मूर्तिकारांना तरी हटा कसं म्हणायचं? आपल्या सोसायटीतल्या सत्तरीपुढच्या मंडळींसाठी गेटपासून स्टेशनापर्यंत ठरलेल्या वेळची ई-रिक्षा लावता येईल काय, हा विषय मी येत्या आमसभेसाठी सेक्रेटरींकडे लेखी दिला आहे.